कृष्णधवल प्रिंटसाठी लेव्हल्स लावताना

प्रिंटिंग नव्याने शिकणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: स्क्रीनवर झकास दिसणारा कृष्णधवल फोटो कागदावर मळकट येतो. निम्मा दोष भगभगीत स्क्रीनचा. ब्राइटनेस शंभर कँडेलाच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास आणला की तेवढा भाग सुटतो. उरलेलं काम लेव्हल्सचं, म्हणजे फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधल्या काळा, करडा आणि पांढरा टोन ठरवणाऱ्या स्लायडरांचं.

फाइल १६ बिटमध्ये, म्हणजे टोनच्या जास्त बारीक पायऱ्यांमध्ये ठेवा, नाहीतर आकाशात पट्टे पडतात. लेव्हल्स अॅडजस्टमेंट लेयरवरच, म्हणजे मूळ फोटोला हात न लावणाऱ्या वेगळ्या थरावरच लावा. ऑल्ट की दाबून काळा स्लायडर सरकवला की स्क्रीन पांढरी होते आणि जिथे तपशील बुडतोय तिथे काळे ठिपके उमटतात. ठिपके दिसू लागले की थांबायचं. पांढऱ्या टोकाला याच्या उलट. मधला स्लायडर किंचित डावीकडे नेला की चेहरे, भिंती असले मधले करडे टोन उजळतात. प्रिंटसाठी बहुतेक वेळा हे लागतंच.

इथवर सगळे येतात. खरी गंमत खालच्या आउटपुट लेव्हल्समध्ये आहे, फोटोतला सर्वात गडद आणि सर्वात उजळ टोन कुठवर जाऊ द्यायचा ते तिथे ठरतं (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा), आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. ०, ५, १०, १५ असे ४० पर्यंतचे काळे चौकोन शेजारी शेजारी मांडा आणि ज्या कागदावर फोटो काढायचा त्यावरच छापा. शाई वाळू द्या, मग चांगल्या उजेडात बघा. मॅट कागदावर पहिले काही चौकोन एकमेकांत मिसळलेले दिसतील. समजा १५ पर्यंत फरकच कळत नाही, तर आउटपुटचा काळा १५ वर ठेवा. काळेपणा कमी होईल अशी धास्ती नको. त्या कागदावर ० आणि १५ सारखेच काळे उमटतात. केसांच्या बटा, कोटाच्या घड्या मात्र वाचतात.

पांढऱ्या टोकाला २५५ म्हणजे शाईच नाही, नुसता कागद. ग्लॉसीवर पिगमेंट शाईने (रंगाचे बारीक कण असलेल्या) छापलं, तर अशा कोऱ्या जागा तिरक्या उजेडात वेगळ्याच चमकतात. तिथे २५० च्या जवळपास ठेवलेलं बरं. पण पाण्यावरच्या चमचमाटाला हा नियम लावू नका, तो कोराच शोभतो.

कागद बदलला की चौकोन पुन्हा छापायचे. आकडे लेयरच्या नावातच लिहून टाका: ‘मॅट १५-२५५’. पुढच्या वेळी शोधाशोध नको.