न दिसणारा थेंब: केमोथेरपी कक्षातील पहिले महिने

कर्करोग विभागात परिचारिका म्हणून नेमणूक झाली तेव्हा घातक औषधांचा धोका ती तयार करणाऱ्या फार्मासिस्टला असतो, आपल्या हाती तयार पिशवीच येते, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच आठवड्यात डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे केमोथेरपीचे औषध संपल्यावर मी सवयीने पिशवीतून नळीचे टोक उपसले आणि हातमोजा व बाही यांच्यामधल्या उघड्या मनगटावर लाल थेंब पडला. वरिष्ठ सिस्टरांनी तत्काळ मोजे उतरवायला लावले, साबण-पाण्याने हात धुऊन घेतला, घटनेची नोंद करवली आणि म्हणाल्या, “हे लाल आहे म्हणून तुला दिसलं. सायक्लोफॉस्फमाइडसारखं रंगहीन औषध असतं तर पाणी समजून पुसून टाकलं असतंस.”

तेव्हापासून पिशवी आणि नळी वेगळी न करता मी ती जोडलेल्याच अवस्थेत सायटोटॉक्सिक (पेशींना घातक औषधांच्या) कचऱ्याच्या डब्यात टाकते. नळीही आधी साध्या सलाईनने भरून घ्यावी, म्हणजे जोडताना थेंब गळालाच तरी तो औषधाचा नसतो. मोजे दोन घालावेत, आतला बाहीखाली आणि बाहेरचा बाहीवर. उतरवताना आधी बाहेरचे मोजे, मग गाऊन, शेवटी आतले मोजे आणि लगेच हात धुणे. सॅनिटायझरवर भागवू नये, कारण अल्कोहोलने ही औषधे निष्प्रभ होत नाहीत. सीलबंद बाटलीच्या बाहेरच्या बाजूलाही औषधाचा अंश असू शकतो, त्यामुळे खोके उघडतानाही मोजे हवेतच.

ही भीती नवी नाही. १९७९ मध्ये फिनलंडमधील संशोधकांना ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवू शकणाऱ्या द्रव्यांच्या खुणा आढळल्या होत्या.

नवख्यांकडून सर्वाधिक ढिलाई होते ती औषध देऊन झाल्यावर. रुग्णाच्या लघवीतून, उलटीतून औषध बाहेर पडत राहते. म्हणून किमान ४८ तास बेडपॅन आणि चादरी हाताळताना मोजे व गाऊन, आणि शिंतोडे उडण्याची शक्यता असल्यास चेहऱ्यावर संरक्षक कवच आवश्यक आहे. ही गोष्ट सफाई कर्मचाऱ्यांना आपणच सांगायला हवी, कारण बहुतेक वेळा ती त्यांना कोणी सांगितलेलीच नसते, आणि याची मला आजही खंत वाटते.

इतर वॉर्डांतही मेथोट्रेक्सेट या अशाच घातक औषधाच्या गोळ्या असतात. त्या कुटू अथवा तोडू नयेत, रुग्णाला गिळता येत नसेल तर फार्मसीला विचारावे. गर्भवती असाल किंवा तसा विचार असेल, तर संकोच न करता प्रभारी सिस्टरांना सांगून वेगळे काम मागून घ्यावे.