थंडीत इंजिन तापत नाही? आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा सकाळी दहा-बारा किलोमीटर जाऊनही तापमानाचा काटा खालच्या रेघेला चिकटलेला असेल आणि हीटर नुसता कोमट वारा देत असेल, तर थंडीला दोष देऊ नका. उणे तापमानाच्या देशांतही गाड्या व्यवस्थित तापतात. बिघाड गाडीतच आहे, आणि तो बहुतेक वेळा घरच्या घरी सापडतो. पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेवर.

उशीर खरंच होतोय का, ते आधी मोजा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा, अर्ध्या मिनिटाने निघा आणि एसी, हीटर बंद ठेवून सावकाश चालवा. पेट्रोल गाडीचा काटा साधारण पाच ते दहा मिनिटांत मधोमध यायला हवा. डिझेलला जास्त वेळ लागतो. ती जागेवर उभी ठेवून तापवत बसलात तर अर्धा तासही कमी पडेल, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नका. अनेक नव्या छोट्या गाड्यांना काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो. तो इंजिन पुरतं तापायच्या बराच आधी विझतो, म्हणून ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र) जोडून मोबाइलवर कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान बघा. पी०१२८ हा कोड दिसला तर इंजिन ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही, असं गाडीच सांगते आहे.

स्कॅनर हाताशी असताना सेन्सरही तपासून टाका. सकाळी स्टार्टर मारण्यापूर्वी फक्त इग्निशन चालू करा. कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. एक १२ आणि दुसरं ४० दाखवत असेल, तर दोनपैकी एक सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन थंड आहे तोवर कुलंटची पातळीही बघून घ्या. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

आता मुख्य परीक्षा. थर्मोस्टॅटमध्ये मेण भरलेलं असतं. ते तापून फुगलं की झडप उघडते आणि कुलंट रेडिएटरकडे जातं. बऱ्याच इंजिनांत हे ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान घडतं. तोपर्यंत रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप थंडच राहायला हवा. गाडी सुरू करा, दोन-तीन मिनिटांनी इंजिन बंद करून त्या पाइपला हात लावून बघा आणि हेच दोन-तीनदा करा. ओढणी, बाही पंख्यापासून लांब ठेवा; काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद केल्यावरही फिरतो. पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकलेली आहे किंवा थर्मोस्टॅटच नाही. काही इंजिनांत तो खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तेव्हा हीच तपासणी तिथे करा.

‘थर्मोस्टॅटच नाही’ हे हसण्यावारी नेऊ नका. गाडी उन्हाळ्यात घाटात तापली की तो काढून फेकायचा, ही आपल्याकडच्या गॅरेजांची जुनी सवय. जुनी गाडी घेतली असेल तर माझा पहिला संशय इथेच जातो. तो नसला की इंजिन कायम थंडीतच चालतं, पेट्रोल जास्त ओढतं आणि इंधन ऑइलमध्ये उतरत राहतं.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात तपासता येतो. दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. बरेचदा त्याच्यावर आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास झडप हलायला हवी. थंड पाण्यातच फट दिसत असेल तर तो बाद.

हे सगळं ठीक निघालं तर रेडिएटरचा पंखा बघा. एसी बंद असताना आणि इंजिन थंड असताना तो फिरत असेल, तर रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) किंवा सेन्सरकडे वळा.

नवा थर्मोस्टॅट बसवताना रबरी रिंगही नवी घ्या, बारीक छिद्राची बाजू वर ठेवा आणि कुलंट भरल्यावर आतली हवा पूर्ण काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यावर, घड्याळ लावून, पुन्हा एक फेरी मारा.