अमरनाथ यात्रा : या चुका टाळा, त्यातली पहिली घरीच होते

अमरनाथची गुहा 3,888 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे तिच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे "आम्ही दर वर्षी कळसूबाई चढतो" हा हिशेब तिथे उपयोगी पडत नाही. पायांत कितीही ताकद असली तरी विरळ हवेची सवय व्हायला शरीर स्वतःचा वेळ घेतं.

तिकीट काढतानाची घाई

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रजा चार दिवसांची, म्हणून सकाळी मुंबईहून श्रीनगर, संध्याकाळी बालटाल (सोनमर्गजवळचा पायथ्याचा तळ) आणि दुसऱ्या पहाटे चढाई असा बेत ठरतो. समुद्रकाठचा माणूस दीड दिवसात गुहेपाशी पोचतो आणि तिथेच कोसळतो. चढाईआधी किमान दोन रात्री पहलगामला (सुमारे 2,200 मीटर) किंवा सोनमर्गला (सुमारे 2,700 मीटर) काढा. बालटालची वाट 14 किलोमीटरची, पण अंगावर येणारी. पहलगामजवळच्या चंदनवाडीहून 32 किलोमीटर पडतात, पण मध्ये शेषनाग आणि पंचतरणीला मुक्काम करता येतो. दिवस हाताशी असतील तर चंदनवाडीच धरा. मात्र या वाटेवरची महागुणस खिंड गुहेपेक्षाही उंच आहे, हे लक्षात असू द्या. हेलिकॉप्टर सेवा चालू असली तरी ती पंचतरणीपर्यंतच सोडते. पुढचे 6 किलोमीटर उरतातच, आणि तेही उंचीची सवय न झालेल्या शरीराने.

"पित्त झालंय" म्हणून सोडून देणं

शेषनागच्या तंबूत रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, लंगरमधली गरम खिचडी समोर आली तरी घास उतरत नाही. आपल्याकडे लगेच निदान होतं : पित्त, जागरण, गाडी लागली. तिथे मात्र ही लक्षणं उंचीचीच समजायची आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर जायचं नाही. शंका आली तर सपाट जागेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं सरळ चालायला सांगा. तोल जात असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा ओला खोकला सुरू झाला असेल, तर उजाडायची वाट बघू नका. ताबडतोब तळावरच्या वैद्यकीय केंद्रात न्या आणि लवकरात लवकर खाली उतरवा.

कापराची पोटली हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी तर अजिबात नको, तिने श्वास आणखी मंदावतो. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असल्यास ती आवर्जून सांगा.

उपास आणि कमी पाणी

आषाढी एकादशी बहुतेकदा यात्रेच्या दिवसांतच येते. चढाईच्या दिवशी कडक उपास नको. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा. वाटेत शौचालयाची अडचण म्हणून अनेक बायका पाणीच टाळतात. तहान लागली नाही तरी थोडं थोडं पीत राहा.

श्रावणाचा घोळ

"श्रावणात जाऊ" असं ठरवून मराठी माणूस उशिरा पोचतो. उत्तरेतला श्रावण पौर्णिमान्त, म्हणजे आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, आणि यात्रा साधारणपणे राखी पौर्णिमेला संपते. तोवर हिमलिंग बरंच वितळलेलं असतं. पूर्ण लिंगाचं दर्शन हवं असेल तर पहिल्या आठवड्याची तारीख घ्या.

कागद आणि सामान

फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. यात्रेची व्यवस्था पाहणाऱ्या श्राइन बोर्डाने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून, ठरलेल्या नमुन्यातलंच आरोग्य प्रमाणपत्र लागतं. परवाना त्यावर लिहिलेल्या दिवसाचा आणि मार्गाचाच असतो. आरएफआयडी कार्ड (यात्रेकरूचं इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र) गळ्यात नसेल तर दोमेल (बालटालच्या वाटेवर) किंवा चंदनवाडीच्या फाटकातून आत सोडत नाहीत.

बूट निदान महिनाभर आधी घ्या आणि घालून रोज चार-पाच किलोमीटर चाला. नवे बूट चंदनवाडीनंतरच्या पिस्सू टॉपच्या चढावरच टाच सोलतात. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. पातळ पोंचो वाऱ्याने फाटतो. जाड रेनकोट घ्या आणि सॅकमधले कपडे आतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. घोडे येताना नेहमी डोंगराच्या अंगाला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. घोडा किंवा पिट्ठू (सामान वाहणारा) करताना त्याचं नोंदणी कार्ड पाहा आणि औषधं, पाणी, रेनकोट त्याच्याकडे न देता स्वतःच्या पाठीवर ठेवा, कारण गर्दीत चुकामूक होतेच.

अशा वेळी फोनही कामी येत नाही, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये बंद पडतं. पोस्टपेड घ्या किंवा तिथलं सिम काढा. शिवाय नाव, गाव, रक्तगट आणि सोबत्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्रत्येकाच्या खिशात असू द्या.