‘गोव्यात राहून कसलं टेन्शन?’ ताण हाताळताना या चुका टाळा

मुंबई-पुण्याचा पाहुणा हमखास असं विचारतो, आणि आपणही ‘सुशेगाद’, म्हणजे सगळं निवांत, म्हणून हसतो. पहिली चूक तिथेच होते. रोज पर्वरीच्या कोंडीत अडकणाऱ्याला किंवा टुरिस्ट सीझनवर घर चालवणाऱ्याला समुद्र जवळ असून काय उपयोग? पण ताण आहे म्हणायचीच लाज वाटते.

मला माझा ताण कळला तो चोडणच्या फेरीवर. स्कूटर बंद होती, फेरी मांडवीच्या मधोमध, घाई करून मिनिटभरही वाचणार नव्हतं. तरी मी मूठ आवळून, दातावर दात दाबून उभा. ऑफिसातला वाद केव्हाच मिटला होता, पण शरीरापर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

इजा कसलीही असो, शरीर साधारण एकाच ठरावीक पद्धतीने पेटून उठतं, हे संशोधक हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून १९३६ साली मांडलं. अ‍ॅड्रेनालिन हे ताणाचं हार्मोन क्षणात उसळतं. कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन मागाहून चढतं आणि ओसरायला तासभर तरी घेतं. नेमक्या त्याच तासात आपण साहेबांचा मेसेज पुन्हा वाचतो, घरी आल्या आल्या तोच प्रसंग तिसऱ्यांदा सांगतो. मग धोका अजून समोरच आहे, असं शरीर धरून चालतं. तो तास चालण्यात घालवा, फोन खिशात ठेवून.

प्राणायाम ‘जमत नाही’ म्हणणारे बहुतेक जण श्वास जोरजोरात ओढतात आणि मग गरगरतं. घ्यायचं सोडा, सोडायचं बघा: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. दोन-तीन मिनिटं पुरतात.

दोन पेगांनी झोप लागते, हे खरं. पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात तेही त्याच पेगांमुळे, कारण दारू रात्रीच्या उत्तरार्धातली झोप मोडते. संध्याकाळच्या चहाचंही बघा. त्यातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनी अंगात असतंच.

‘चतुर्थीच्या रजेत आराम करू’ हेही विसरा. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, नेवऱ्या, पाहुणे. चतुर्थीत विश्रांती मिळालेली बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर घरगुती उपाय पुरे करा. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव काढलं की अजून काहींच्या भुवया उंचावतात; उंचावू देत. तिथवर जायचं धाडस होत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. मात्र छातीत दाटून आलं, डाव्या हातात कळ गेली, घाम फुटला, तर ‘टेन्शनच असेल’ म्हणत श्वास मोजत बसू नका. १०८ लावा.