घराला फ्रेंच हवेलीचा थाट द्यायचा तर

फ्रेंच शातो, म्हणजे तिथली हवेली, म्हटलं की लोक आधी सोनेरी रंगाचा डबा उघडतात. तिथेच फसतं. व्हर्सायचा राजवाडा वेगळा आणि गावाकडची वडिलोपार्जित हवेली वेगळी. हवेलीत दारं-आरसे भारदस्त असतात, पण रंग विटलेला, गालिचा विरलेला आणि खुर्च्या तीन पिढ्यांच्या. आपल्याला ही ऐट हवी आहे.

पहिलं काम फुकटातलं. दारात उभं राहून समोरच्या खिडकीपर्यंत नजर टाका. पॅरिसजवळच्या व्हो-ल-व्हिकाँत शातोत दर्शनी दारातून पाहिलं की नजर दिवाणखाना ओलांडून थेट मागच्या बागेत जाते. तुमच्या वाटेत चपलांचं कपाट येत असेल तर ते हलवा. मग त्या रेषेच्या दोन्ही अंगांना वस्तू जोडीने मांडा: दोन दिवे, दोन खुर्च्या. (तो वाडा बांधणाऱ्या अर्थमंत्री फुकेने १७ ऑगस्ट १६६१ रोजी राजा चौदाव्या लुईला मेजवानी दिली आणि तीन आठवड्यांच्या आत तो अटकेत होता. थाट बेतानेच केलेला बरा.)

आता भिंती. जास्तीत जास्त वेळ इथेच घालवा. जमिनीपासून अडीच फुटांवर सूत मारून घ्या. त्याच्या खाली बुटक्या चौकटी, वर उंच उभ्या. दीड इंच रुंदीची लाकडी किंवा पीओपीची पट्टी पुरते. दोन चौकटींमधली जागा मात्र सगळीकडे सारखी, साधारण चार इंच. पट्ट्या ठोकण्याआधी त्या जागी मास्किंग टेप लावून दोन दिवस नुसतं बघत राहा. माझ्याकडे स्विचबोर्ड नेमका पट्टीखाली आला होता, तेव्हा अख्खी चौकट चार बोटं सरकवावी लागली. भिंत आणि पट्ट्या एकाच रंगात रंगवा. रंग मॅट हवा: दुधात चिमूटभर राख कालवल्यासारखा राखाडी, नाहीतर फिकट निळसर-हिरवा.

मधल्या चौकटीत आरसा. फ्रान्समध्ये तो शेकोटीच्या वर असतो, आपल्याकडे अरुंद टेबलावर चालेल. टेबलाच्या रुंदीपेक्षा थोडा कमी रुंद आणि भरपूर उंच घ्या.

कापड एकच निवडा आणि तेच पडद्यांना, उशांना वापरा. पांढरट सुतीवर एकाच लाल किंवा निळ्या रंगात मेंढपाळ, झाडं, पडके मनोरे छापलेलं ते 'त्वाल द जुई'. त्यामागची गोष्ट आपल्याही जवळची आहे. भारतातून जाणाऱ्या चिटांनी, म्हणजे छापील सुती कापडांनी, फ्रेंच विणकर इतके हैराण झाले की १६८६ मध्ये तिथे चिटांवर बंदी आली. ती १७५९ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी ओबरकाम्फ नावाच्या उद्योजकाने व्हर्सायजवळच्या जुई गावात छपाईचा कारखाना काढला. पडदे जमिनीला टेकतील एवढे लांब शिवा. घोट्यापर्यंतचा पडदा आखूड झालेल्या पायजम्यासारखा दिसतो.

खुर्च्यांचा सेट घेऊ नका. वळणदार पायांची खुर्ची पंधराव्या लुई राजाच्या धाटणीची, सरळ खाचदार पायांची सोळाव्या लुईच्या. जुन्या बाजारात या धाटणीची एखादी मिळते. दोन्ही शेजारी ठेवा, खुशाल. फक्त सगळ्यांवर कापड एकाच जातीचं चढवा.

छतावरचे पांढरे एलईडी बंद करून पिवळसर दिवे खाली, टेबलावर आणा.

सोनेरी रंग सगळ्यात शेवटी, आणि फक्त आरशाच्या चौकटीला. माझी पहिली चौकट लग्नाच्या मांडवातल्या कमानीसारखी चमकत होती. जुने कारागीर सोन्याचा वर्ख तांबड्या मातीच्या लेपावर चढवत. वर्ख झिजला की खालून ती लाली दिसते. म्हणून आधी गेरूसारखा तांबडा रंग द्या, तो पुरता वाळला की सोनेरी, आणि दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा. जिथे वर्षानुवर्षं फडकं फिरलं असतं तिथेच, म्हणजे उंचवट्यांवर आणि कोपऱ्यांवर. खाचांतलं सोनं तसंच राहू द्या.