'शॅडो'त वाळवलेला बेदाणा: इंग्रजी मेल लिहिताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी पत्रव्यवहार बघतो. हळद, बेदाणा, सौद्याच्या पट्ट्या, परगावच्या व्यापाऱ्यांना मेल. गेल्या हंगामात नमुन्याच्या पाकिटांवर मी मोठ्या ऐटीत 'शॅडो ड्राइड' छापून घेतलं. कोचीच्या खरेदीदारानं फोनवर हसत विचारलं, शॅडो नेमकी कुणाची? स्टिकरचा गठ्ठा अजून माझ्या टेबलाखाली आहे.

शॅडो म्हणजे जमिनीवर पडलेली आपली किंवा झाडाची आकृती. ऊन न लागणारी जागा ती शेड. मराठीत दोन्हीला सावलीच. बेदाण्याच्या धंद्यात हा फरक चालून जात नाही. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकच्या जाळ्यांवर पसरायची आणि वर आच्छादन करायचं, कारण थेट उन्हात रंग काळपट होतो. भाव तर रंगावर. म्हणजे 'शेड ड्राइड' ही मालाची जाहिरातच झाली, आणि मी तिची चेष्टा करून ठेवली. त्यात पत्र्याचं शेडही देवनागरीत 'शेड'च लिहितो आपण. स्पेलिंग मात्र वेगळं: पत्र्याच्या शेडमध्ये 'ए' हे अक्षर नाही, सावलीच्या शेडमध्ये आहे.

असल्या चुकांखाली कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही, शब्द बरोबर लिहिलेला असतो ना! म्हणून सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या पाठ करण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. त्यापेक्षा एका मराठी शब्दाला जिथे दोन इंग्रजी शब्द लागतात, ते मराठी शब्द ओळखून ठेवावेत.

सगळ्यात महाग पडतो तो 'पर्यंत'

'शुक्रवारपर्यंत नमुने पाठवतो' याचं मी 'वुई विल सेंड सॅम्पल्स टिल फ्रायडे' केलं. उलट मेल आला: रोज पाठवणार का? 'टिल'चा अर्थ होतो की काम शुक्रवार येईतो चालूच राहणार. एकदाच व्हायचं काम शुक्रवार उलटायच्या आत होणार असेल तर 'बाय फ्रायडे'. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत नमुने पाठवतो' हे जमतं, तेव्हा 'बाय'. 'शुक्रवारच्या आत दुकान बंद आहे' असं कुणी म्हणत नाही, तेव्हा 'टिल'. नकार आला की ही युक्ती फसते. 'शुक्रवारपर्यंत गाडी मिळणार नाही' यात दोन्ही बसल्यासारखे वाटतात, पण गाडी शुक्रवारीच मिळेल असं सांगायचं असेल तर 'टिल'च हवं. 'बाय' लिहिलं तर शुक्रवार उजाडला तरी गाडी नाही, एवढंच समोरच्याला कळतं.

हात, पाय, बोट

आमच्या एका हमालाच्या अंगावर बॉक्सची थप्पी पडली. विम्याच्या अर्जात मी 'हँड फ्रॅक्चर' लिहिलं, डॉक्टरांच्या दाखल्यात 'आर्म' होतं. अर्ज खुलाशासाठी परत. खांद्यापासून मनगटापर्यंत आर्म, त्याच्या पुढे हँड. पायाचंही तसंच: घोट्याच्या वर लेग, खाली फूट. बोट तर आणखी फसवं. हाताचं फिंगर, पायाचं टो. 'पायाचं फिंगर' कुठल्याही फॉर्मवर लिहू नका.

'उसने'चा गोंधळ लवकर सुटतो. आपण घेतो तेव्हा बॉरो, देतो तेव्हा लेंड. 'प्लीज बॉरो मी टेन क्रेट्स' वाचून समोरचा अर्थ लावतो म्हणा, पण मनात हसतो. 'आठवण' स्वतःला झाली तर रिमेंबर, दुसऱ्याला करून दिली तर रिमाइंड. पेमेंटच्या तगाद्यात 'रिमाइंड'च येतं.

राहता राहिलं 'परवा'. मराठीत ते मागेही जातं, पुढेही. बोलताना क्रियापद सांभाळून घेतं. 'पेमेंट परवा' एवढ्याच व्हॉट्सॲप निरोपावरून मेल लिहायचा झाला तर पैसे आले की यायचेत, कळत नाही. आमच्या दुकानात आता या शब्दाला बंदी आहे, तारीखच लिहायची. सूट फक्त शेठना. वसुलीला आलेल्या माणसाला ते 'परवा या' म्हणतात, तेव्हा तारीख विचारायची नसते.