इंजिन बदलताय? क्लासच्या बाबतीत या चुका टाळा

रॅली ऑफ महाराष्ट्र पाहत वाढलेल्या नाशिककराला एकदा तरी स्वतः गाडी पळवावीशी वाटतेच. आमच्या एका मित्राने त्यासाठी अंबडच्या गॅरेजात मारुतीच्या जुन्या झेनमध्ये मारुतीच्याच एस्टीमचं इंजिन बसवलं. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली, त्यामुळे मिस्त्रीचं काम फारसं अडलं नाही. अडलं ते ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मैदानात आखलेल्या मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीच्या दिवशी. या शर्यतीत गाड्यांचे इंजिनाच्या क्षमतेनुसार गट, म्हणजे क्लास पडतात. फॉर्मवर त्याने ‘झेन, ११०० सीसीपर्यंत’ लिहिलं होतं. स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत बॉनेट उघडलं, इंजिन नंबर पाहिला आणि गाडी मॉडिफाइडच्या (बदल केलेल्या गाड्यांच्या) १४०० सीसीपर्यंतच्या क्लासमध्ये गेली. तिथे वर्षानुवर्षं तयार केलेल्या गाड्या होत्या. आधी आयोजकांना एक फोन केला असता तर हे टळलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

क्लास गाडीच्या नावावर ठरत नाही. झेनचं मूळ इंजिन ९९३ सीसी, एस्टीमचं १,२९८, जुन्या बलेनोचं १,५९०. आणि स्टॉक क्लास म्हणजे कंपनीने त्या मॉडेलला दिलेलंच इंजिन. दुसऱ्या मॉडेलचं लहान इंजिन बसवलं, तरी गाडी स्टॉक राहत नाही.

याहून फसवं प्रकरण रिबोअरचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून रुंद करून घेण्याचं. इंजिन तेच असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मारुती ८०० चं बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) ७२ मिमी, सिलिंडर तीन. क्षमता ७९६ सीसी. ८०० सीसीच्या क्लासच्या मर्यादेपर्यंत जागा उरते ४ सीसीची! झीज झाली म्हणून ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकले, तरी ती ८०१ च्या पुढे जाते; ०.५० टाकले तर ८०७ च्या. काही नियमावल्या रिबोअरला सूट देतात, काही देत नाहीत. एस्टीमला मात्र ही भीती नाही, बोअर १ मिमी वाढवलं तरी १,३३४ सीसीच होतात. हिशेब घरीच करा: बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडर, भागिले १०००. मापं मिमीमध्ये घ्या.

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) असेल तर एफआयएच्या, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या पद्धतीने पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणतात. ९९९ सीसीचं इंजिन कागदावर १,६९८ चं होतं.

प्रतिस्पर्धी अनामत भरून लेखी हरकत घेऊ शकतो, मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून मापं घेतली जातात. त्यामुळे मशीन शॉपची बिलं जपून ठेवा.

गाडी रस्त्यावरही चालवणार असाल, तर इंजिन बदलण्याआधी आरटीओत जा. आरसीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतो.

पुढच्या वेळी मित्राने बोअर, स्ट्रोक आणि इंजिन नंबर आयोजकांना आठवडाभर आधीच कळवले. क्लास १४०० चाच मिळाला, पण या खेपेला ब्रेक आणि सस्पेन्शन त्या क्लासच्या तोडीचं करून तो आला होता.